देखणं म्हणायचं नसतं

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, पण तुम्ही मला चांगलं म्हणावं म्हणून नव्हे.

मी चांदीचा व्यापारी. हुपरीचे पैंजण पिशवीत घालून एसटीने कोल्हापुरात आणायचो, दारोदार विकायचो; आज स्वतःचं दुकान आहे. कुणाच्या बापाची मदत नाही. या धंद्यात पहिली गोष्ट शिकलो ती ही — कारागिरासमोर मालाला देखणं म्हणायचं नाही. जीव अडकला तरी पैंजण उलटासुलटा करायचा, तोंड वाकडं करायचं, 'बरं हाय' म्हणून परत ठेवायचा. देखणं हा शब्द विकताना काढायचा. घेताना तो तोंडातून गेला की भाव चढलाच.

दुकानात तो मी दिवसभर वापरतो. 'ताई, काय देखणं दिसतंय पायात!' पाय कसलाही असो.

शालनला बघायला कबनूरला गेलो तेव्हा मी फेरीवालाच होतो. तिचा बाप यंत्रमागवाला. भरल्या सोप्यात, पोह्यांची बशी माझ्या हातात असताना म्हणाला, "पावणं, पिशवी घिऊन हिंडताय म्हणं. पावसात माल भिजतोय का तुमीच भिजताय?" सगळे हसले. आजही ते हसणं आठवलं की डोकं फिरतं. म्हातारा वारला — मी मातीला गेलो, पण माफ केलं नाही.

मग ती बाहेर आली. आता कसं सांगू — नजर काढवेना, अशी होती. "पसंत हाय का?" मध्यस्थाने विचारलं. मी तोंड वाकडं केलं. "रूप बेताचंच हाय," म्हणालो. "पण चालंल." ती समोरच बसलेली. बापाचा चेहरा उतरला. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

इथवर एखाद्याने समजूनही घेतलं असतं. पण लग्नानंतर? तेव्हा तरी तिला देखणी का म्हटलं नाही? — कारण माझ्या लक्षात आलं होतं, तिला ते खरं वाटलंय. फोटोत कडेला उभी राहायची. भारीतली साडी जावेला देऊन टाकायची. माझ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायची नाही. मला ते सोयीचं होतं. तिने मान ताठ केली असती तर मला तिच्यात तिचा बाप दिसला असता. म्हणून वर्षानुवर्षं मी तिचा भाव पाडूनच ठेवला — समजून उमजून.

परवा दुकानात एक बाई अडून बसल्या. पैंजण पायात कसे दिसतील, ते त्यांना कळेना. शालन मागे डब्या पुसत होती. "वैनी, तुमी घालून दावा की," बाई तिला म्हणाल्या.

शालन हसली. "माझ्या पायात नगं बाई. एवढ्या देखण्या मालाचा भाव उतरंल."

बाईही हसल्या. शालन हसत हसतच माझ्याकडे बघत राहिली. शब्द माझ्या ओठांवर होता. बाप मेलेला — आता घासाघीस कुणाशी करायची होती?

मीही हसलो. मग पैंजण काट्यावर टाकले आणि बाईंना वजन सांगायला लागलो.