तांदळात लिहिलेलं नाव

निवृत्तीनंतर मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळमजल्यावर टेबल मांडून बसते. ज्यांना उपचार परवडत नाहीत, त्यांना सरकारी योजना शोधून द्यायची आणि तीत बसवायचं, हे माझं काम. शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर दाखले लिहिले, त्यामुळे कागदांना मी भीत नाही. योजना चांगल्या आहेत. फक्त त्यांचा लाभ घ्यायला माणूस आधी धडधाकट असावा लागतो.

एका सकाळी वाघोलीहून एक जोडपं आलं. तो शाळेच्या बसवर ड्रायव्हर, ती घरी शिवणकाम करणारी. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि महिन्याच्या वर थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. योजनेत ऑपरेशन मोफत होतं. मी म्हटलं, "काळजी सोडा. आधार आणि रेशनकार्ड द्या."

आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरंच. नुसतं आडनाव वेगळं असतं तर रोजचंच होतं. इथे बाईच वेगळी होती.

"अहो, ही कोण?" मी रेशनकार्डावर बोट ठेवलं.

"हीच हाय, मॅडम."

"आणि आधारवरची?"

"ती पण हीच हाय."

ती धापा टाकत म्हणाली, "लग्नात नाव बदललं होतं, बाई."

आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, मग पेढे वाटतात. सासऱ्यांनी तेच नाव रेशनकार्डावर चढवलं होतं. आधार काढताना हिने शाळेचा दाखला नेला, त्यावर माहेरचं नाव. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, पण संगणकाच्या लेखी ही बाई त्या घरात राहतच नव्हती. मला भयंकर राग आला. माझंही नाव असंच बदललं होतं आणि मी मुकाट्याने पेढा खाल्ला होता.

उपाय मला ठाऊक होता. आधारवरचं नाव बदलायला वेळ लागला असता. त्यापेक्षा रेशनकार्डावर माहेरचं नाव लावणं सोपं. हे सांगितल्यावर नवरा चुळबुळला.

"वडलांनी ठेवलेलं नाव हाय, मॅडम. आता ते नाहीत. आईला काय वाटंल?"

"तुमच्या वडिलांनी नाव ठेवलं, झडप नाही ठेवली," मी म्हटलं. "आईंना घेऊन या, मी बोलते."

आईंना आणावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच लग्नपत्रिका घेऊन हजर झाला. "आई म्हनली, आधी सून, मग नाव."

मग मी कंबर कसली. रेशनकार्डावरचं नाव बदलायला लग्नाचा दाखला लागतो आणि त्यांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. ती वीस वर्षांच्या संसारानंतर केली. तीन साक्षीदारांत एक तिचा दीर होता. त्याने वहिनीचं माहेरचं नाव पहिल्यांदाच ऐकलं आणि सही करायच्या आधी दोनदा विचारून घेतलं. तो दाखला घेऊन मी स्वतः रेशन ऑफिसात गेले. तिथल्या गृहस्थांनी "पुढच्या आठवड्यात या" म्हणताच मी समोरची खुर्ची ओढून बसले. तासाभरात नाव दुरुस्त झालं. मंजुरी आली तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले आठ दिवस उरले होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी जायच्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी चालत माझ्या टेबलाशी आली. मागे पिशव्या घेऊन नवरा. मला उगाच अपराधी वाटत होतं. एका सासऱ्याची आठवण मी खोडून टाकली होती. म्हणून म्हटलं, "तब्येत सुधारली की हवं तर सासरचं नाव परत लावता येईल. आधारही बदलू. आता घाई नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने घरी जायच्या कागदावरच्या आपल्या नावावर बोट टेकवलं.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "वाचली ती हीच आहे."