मेंढीच्या डोक्यातला पाहुणा

"बाई, हिला बाहेरचं हाय," सोपानराव म्हणाले.

मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरत होती. या कळपातली ही तिसरी. घाबरून त्यांनी सगळा कळप घोडेगावच्या बाजारात विकायचं ठरवलं होतं.

मी जामखेडकडे जनावरांची डॉक्टर आहे. त्या दिवशी माझे धाकटे दीर, विनायकभावजी, सोबत होते. ते भयकथा लिहितात. ताऱ्यांपलीकडून आलेले, शेकडो तोंडांचे, माणसाला किडामुंगी समजणारे राक्षस. नव्या राक्षसासाठी त्यांना खराखुरा प्राणी हवा होता.

मी मेंढीची कवटी अंगठ्याने दाबत गेले. एका जागी हाड मऊ लागलं. भूल दिली, तिथे भोक पाडलं आणि पाण्याने भरलेली लिंबाएवढी पिशवी हळूच बाहेर ओढली. तिच्यावर पांढरे दाणे.

"भावजी, एकेक दाणा म्हणजे एकेक डोकं. चिकटून राहायच्या आकड्यांसकट."

भावजी दोन पावलं मागे सरकले.

हा पट्टकृमी, म्हणजे जंतच. मोठं व्हायला त्याला कुत्र्याचं पोट लागतं. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, गवतातून मेंढीत, तिथून मेंदूत.

"आधी कापलेल्या दोघींची मुंडकी कुठे गेली?" मी सोपानरावांना विचारलं.

"कुत्र्यांला. राखणदाराचा मान हाय त्यो."

मुंडकी पुरा, कुत्र्यांना जंताचं औषध द्या, हे मी या माळावर सांगून थकले होते. मी भावजींना म्हटलं, "आता तुम्ही सांगा. तुमच्या पद्धतीने. पण खोटं एक अक्षर नको."

भावजी दगडावर बसले. आवाज खाली आणला. "सोपानराव, त्याला मेंढी नकोच आहे. त्याला तुमचा कुत्रा हवाय. तो मेंढीला आतून फिरवतो, कळपाच्या मागे पाडतो. मग सुरी तुम्हीच उचलता. आणि स्वतःच्या हाताने त्याला कुत्र्याच्या पोटात पोचवता."

"आन् मंग?"

"मग कुत्रा त्याला तुमच्याच माळावर रोज पेरतो."

सोपानराव आपल्या कुत्र्याकडे, मोत्याकडे बघत राहिले. "म्हंजी आमी त्याची चाकरी करतूया व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

औषध त्यांनी स्वतःहून मागितलं. कळप विकायचा बेत रद्द झाला. आता मेलेल्या मेंढीचं मुंडकं खोल पुरतात, वर दगड ठेवतात. ती मेंढी जगली. चालताना जरा डावीकडे झुकते, एवढंच.

भावजींनी ही हकिकत शब्दही न बदलता कथा म्हणून पाठवली. संपादकांनी परत केली: कल्पना फार ताणली आहे, असा प्राणी पटत नाही.

मी मात्र हल्ली जंतांबद्दल बोलताना आवाज खाली आणते.