निघताना नेसलेली साडी

गोंदियाहून निघालं की राजेगावला महाराष्ट्र मागे पडतो आणि दुकानांवरच्या पाट्या हिंदी होतात. इथं आलं की मी दरवेळी गाडीची काच खाली करते, माहेरची हवा घ्यायला. यावेळी काच आधीच खाली होती. एसी हैदराबादच्या अलीकडेच बंद पडला होता आणि दुरुस्तीसाठी कुठं थांबून राहावं एवढा उत्साह माझ्यात नव्हता.

पुण्याहून निघून महिना होत आला होता. गोकर्ण, हंपी, हैदराबाद आणि शेवटी बालाघाट, दादाकडे. बेत सगळा ह्यांचा. निवृत्त झालो की गाडी काढायची, घाई करायची नाही, वाटेल तिथं मुक्काम करायचा. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच पावसाळ्यात गेले. मी वर्षभर घरात बसून लोकांचं सांत्वन ऐकलं आणि एके दिवशी उठून गाडीची सर्व्हिसिंग करून आणली. लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलंय. फिरलं असेलही.

चालवायची भीती मला कधीच नव्हती. ट्रकवाल्यांशी भांडण्यात तर मी ह्यांच्यापेक्षा वरचढ. जड जायचं ते जेवायला बसणं. टेबलाशी बसलं की वेटर विचारायचा, आणखी कोण येणार? पहिले काही दिवस मी 'येतायत' म्हणून सांगायचे आणि मग एकटीच जेवून उठायचे. नंतर नंतर मी गाडीतच काहीतरी खाऊन घ्यायला लागले.

एवढ्या प्रवासात मी एका गोष्टीची वाट बघत होते, ती इथंच सांगून टाकते. आमच्याकडे लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरतात, आणि या भाताच्या मुलखात ती तांदळानंच भरतात. लग्न झाल्यापासून एकही खेप चुकली नाही. आधी आई भरायची, मग वहिनी. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. हे बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवायचे आणि मी पदराचं गाठोडं सांभाळत यायचे. यावेळी हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं. ओटी सवाष्णीची भरतात हे मला कळत नाही असं नाही. पण मला वाटत होतं, माझी ओटी भरली जायची ती मी ह्या घरची म्हणून. तसं असलं तर वहिनी यावेळीही भरेल. नसलं तर मग मी इथं पाहुणी.

दादा फाटकाशीच उभा होता. कचेरीतून निवृत्त झालाय, नोकरीतली बरीच वर्षं बैहरच्या जंगलात जीपनं हिंडण्यात गेली. त्यानं आधी गाडीला एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिले, मग माझ्याकडे बघितलं.

"काहून एकटी हिंडून राह्यली वं?" तो म्हणाला. "मले फोन केला असता तर मी आलो असतो नागपूरले."

"नागपूरपर्यंत मी आलेच होते की."

"तेच तर," म्हणाला आणि बॅग उचलून आत गेला. मला जवळ घेऊन रडला असता तर मीही रडले असते. पण आमच्या घरात ती पद्धत नाही.

दोन दिवस माझी अशी बडदास्त ठेवली की विचारू नका. वहिनीनं पाटवड्यांचा रस्सा केला, वर माझ्यासाठी तिखट कमी. मी तिखट कधीपासून कमी खायला लागले ते मलाच ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की, "तुम्ही बसा ना ताई, थकून आल्या." पुतणी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करतेय, तिला मराठी समजतं पण जिभेवर हिंदीच. "बुआ, आप सच में अकेले चला के आए?" असं ती दर दोन तासांनी विचारायची आणि मी दर दोन तासांनी खूश व्हायचे. घरात तेवढी एकच माझ्याशी सरळ बोलत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. मायलेज विचारलं, रस्ते विचारले, ह्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. जायला निघाल्या तशी वहिनी म्हणाली, "या ना, जरा आत या." आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. करंड्याचं झाकण वाजलं ते मला बाहेर ऐकू आलं. माझ्यासमोर कुंकू लावलं असतं तर मला काहीही वाटलं नसतं. आत नेऊन लावलं, ते लागलं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि मी उगाच टीव्हीचा आवाज वाढवला.

निघायच्या दिवशी सकाळी मी साडी नेसले. महिनाभर मी कुर्ता आणि पँटवर होते. बॅगेच्या तळाशी एक साडी होती, इस्त्री मोडलेली, आणि ती मी पुण्यातच का घातली होती ते मला चांगलं माहीत होतं. कुर्त्याला पदर नसतो.

"बुआ, साडी में ड्राइव करोगे?" पुतणीनं विचारलं.

"हौ," मी म्हटलं. "आपल्या गावातून निघताना चांगलं दिसावं."

दादानं डिकीत तांदळाची गोणी ठेवली. घरच्या शेतातला तांदूळ, इतका वासाचा की डिकी लावल्यावरही वास येत होता. वहिनीनं डबा दिला, पाण्याच्या बाटल्या दिल्या, लिंबू दिलं. मी देवाला नमस्कार केला, दादाच्या पाया पडले, आणि मग बाहेर न जाता उंबऱ्याच्या आतच उभी राहिले. वहिनी समोर होती. दर खेपेला ती ओटीचं सूप घेऊन उभी असायची.

तिनं काही हालचाल केली नाही. मला राहवेना. मी पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि पुढे केलं. दादा बाहेर जाऊन फाटक उघडायला लागला, उघडंच होतं तरी.

वहिनीला कळलं. तिचे डोळे भरले, तिनं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिनं माझ्या हातातून पदर सोडवून घेतला, त्याची नीट घडी केली आणि तो माझ्या कमरेला खोचून दिला.

"असा खोचून घ्या ताई," ती म्हणाली, "गाडीच्या दारात अडकन. आन् तांदूळ गाडीत ठेवले हायेत, लय दिवस पुरतीन तुमाले."

मी "हौ" म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. पदर तिनं इतक्या मायेनं खोचला होता की मला तिच्यावर रागावताही आलं नाही.