सुमीचं वजन

परवा रोह्याला नव्या अंगणवाडीताईंना कॉम्प्युटर शिकवत होते. एकीने तक्त्यातल्या फॉर्म्युल्यात सेलचं, म्हणजे आकडा भरलेल्या चौकटीचं, नाव न लिहिता थेट आकडेच लिहिले, आणि मला पेणजवळच्या वाडीतली दीड वर्षांची सुमी आठवली.

तेव्हा मीही नवीनच अंगणवाडीताई होते. मुलांच्या वजनातला फरक काढताना मी असेच आकडे लिहून ठेवले होते. त्यामुळे या महिन्याची वजनं भरली, तरी सुमीच्या नावापुढे मागच्या महिन्याचंच उत्तर राहिलं, दोनशे ग्रॅम घट. मी तिच्या आईला म्हटलं, "हिला दवाखान्यात ठेवावं लागेल."

भाताच्या लावणीवरून चिखलाच्या पायांनी आलेली ती बाई ठामपणे म्हणाली, "नाय गो ताय, पोर वाढलीय माजी. घे, उचलून बघ."

सुमी माझ्या कडेवर आली. केसांना खोबरेल तेलाचा वास, आणि अंगाने चांगली भरलेली. मी तिला मांडीवर घेऊनच फॉर्म्युला पुसला आणि दोन्ही वजनांच्या सेलची नावं लिहिली. उत्तर बदललं, तीनशे ग्रॅम वाढ.

"आता तुज्या मशिनीला पन कळला व्हय?" आई हसली.

तेव्हा मी ओशाळले होते. आज वाटतं, माझी चूक होत असतानाही त्या बाईने आपलं लेकरू विश्वासाने माझ्या हातात दिलं होतं.