ब्रोन्या मावशीचा पोलंडचा फोन

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका टेलरिंगच्या दुकानात ब्रोन्या कपडे दुरुस्त करायची. डॉक्टर वसुधा पहिल्यांदा तिथे गेली ती परकराची नाडी बदलायला. तिच्या छोट्या लेकीने सुयांच्या डब्यात हात घातला, तशी काउंटरमागची गोरी बाई ओरडली, "अगं टोचंल की! थांब, मी येतो!"

वसुधा बघतच राहिली. मराठी, तीही कोल्हापूरची, 'मी येतो' म्हणणाऱ्या बायकांची!

त्यामागची कथा अशी. दुसऱ्या महायुद्धात, ब्रोन्या आठ-नऊ वर्षांची असताना, पूर्व पोलंडमधल्या त्यांच्या लहानशा गावात रशियन शिपाई आले. दार ठोठावून म्हणाले, सामान बांधा. बाप आधीच लढाईवर गेलेला. आई, ब्रोन्या आणि तिचा तान्हा भाऊ तादेक, तिघांची रवानगी सैबेरियात झाली. तिथून सुटून, इराण करत, ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोचली. तिथे हजारो निर्वासितांचं एक अख्खं पोलिश गावच वसलं होतं. लांबलचक बराकी, चर्च, शाळा, बँड, नाटकं. पोरं पंचगंगेत डुंबायची, बाजारात पेरूवाल्यांशी घासाघीस करायची. आईला कळू नये म्हणून ही दोघं भावंडं मराठीत कुजबुजायची.

लढाई संपली. बाप पोलंडमध्ये जिवंत असल्याचं कळलं, आणि आई तादेकला घेऊन परत निघाली. सोळा वर्षांची ब्रोन्या मात्र हटून बसली. "ज्यांनी आपल्याला नेलं, त्यांचंच तिथं राज्य. मी नाही येणार." ती छावणीतच असलेल्या आईच्या बहिणीबरोबर आधी इंग्लंडला आणि मग शिकागोला गेली. आईची तिची पुन्हा गाठ पडली नाही. तिकडे लग्न झालं, आणि नवरा वारल्यावर ब्रोन्या शॉमबर्गला आली. तादेक पोलंडमध्ये एका छोट्या गावात खाणकामगार झाला, पुढे युनियनचा पुढारी.

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या डिसेंबरातला रविवार. चर्चच्या पायऱ्यांवर बायका घोळक्याने उभ्या होत्या. पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला होता, रस्त्यावर रणगाडे उतरले होते, युनियनवाल्यांची धरपकड चालू होती. ब्रोन्याने घरी येऊन तादेकला फोन फिरवला, पण तिकडच्या सगळ्या लाइनी तोडलेल्या. एव्हाना तिला मावशी म्हणू लागलेली वसुधा संध्याकाळी आली, तर ही पडदे ओढून, बूट घालून, कपड्यांची बॅग मांडीवर घेऊन बसलेली.

"मावशी, कुठे निघालात?"

"कुठं न्हाय. आले तर तयार असावं."

"इथे कोण येणार? ही अमेरिका आहे."

"आमच्या गावातबी सगळी असंच म्हणायची."

वसुधाने बॅग काढून घेतली नाही. ती शेजारी बसून राहिली.

महिन्यांमागून महिने गेले. तादेकला धरलं एवढंच कुणाकडून तरी समजलं, पुढचं काही नाही. लाइन पुन्हा सुरू झाल्यावर एका दुपारी फोन आला, तेव्हा वसुधा तिथेच होती. मध्ये मध्ये एक कोरडा आवाज पोलिशमधून बजावत होता, की हे संभाषण ऐकलं जात आहे. तादेक पाठ केल्यासारखं बोलत होता, आम्ही सगळे मजेत आहोत, बर्फ कमी झालाय. तो खोटं बोलतोय हे तिला श्वासावरून कळलं. तिला राहवेना, ती एकदम मराठीतच विचारून गेली.

"तादेक, मारलं काय रं तुला?"

तादेकही मराठीत उतरला.

"व्हय," तो हळूच म्हणाला. "मारलं. आता घरी हाय."

"भ्या वाटतंय?"

"लई."

आणि फोन कट झाला.

ब्रोन्या रिसीव्हर तसाच धरून उभी राहिली. "मी काय केलं गं हे?" ती वसुधाला म्हणाली. "ऐकणाऱ्याला वाटलं असंल, ही काहीतरी गुप्त भाषा हाय. मीच त्याला पुन्हा आत घातलं!"

त्यानंतर तिची शिवण बिघडली. ती उलटी टीप घाली, पुन्हा उसवी. बाहेर गाडीचं दार वाजलं तरी सुई बोटात घुसायची. "मावशी, नो न्यूज इज गुड न्यूज," वसुधा म्हणायची, पण तिलाही ते पटत नसे.

झालं होतं तसंच. तादेकला पोलिसांनी पुन्हा उचललं होतं. ही कुठली भाषा, कुणी शिकवली, कुणाकुणाला येते, हेच तासन्‌तास विचारत राहिले. 'लहानपणी आम्ही या भाषेत पेरू विकत घ्यायचो,' असं तो सांगे आणि मार खाई. शेवटी कंटाळून त्यांनी त्याला सोडलं, आणि वर्षभराने देश सोडून जायचा पासपोर्ट हातात दिला. परतायचा नाही.

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर तो बाहेर आला तेव्हा वसुधाबरोबर आलेल्या ब्रोन्याने आधी त्याचे दात पाहिले. पुढचे दोन नव्हते. ती तोंडावर हात दाबून रडली.

"माझ्या त्या प्रश्नापायी रं," ती म्हणाली.

"तेवढंच एक तर खरं बोलता आलं," तो म्हणाला.

एवढ्यात एक पोलीस कॉफीचा कप घेऊन, शीळ घालत, शेजारून गेला. दोघांनी एकदम माना खाली घातल्या आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तो दाराबाहेर जाईपर्यंत वसुधाही का कोण जाणे हलली नाही.