दगड गुलाबी होईपर्यंत

"बापूभावजी, हे गेले..." शालिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. दत्ता माझा चाळीस वर्षांचा मित्र. कचेरीत शेजारचं टेबल, पंचवटीत शेजारचं घर. त्याला जाऊन दीड महिना झाला. माझी एक चूक तो शेवटपर्यंत स्वतःची समजत राहिला. ती आता तरी लिहायला हवी.

निवृत्तीनंतर दत्ताने घरात समुद्र मांडला. नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे गल्लीला करमणूकच. मुंबईहून खास मीठ आणायचं, पाणी तयार करायचं, समुद्रातले दगड आत रचायचे... नारिंगी पट्टेरी माशांची जोडी आली, पण ते ज्याच्या कुशीत राहतात तो फुलासारखा जीव, समुद्रफूल, दत्ता काही आणेना. काचेवर तपकिरी शेवाळ आलं, मग हिरवं, तेही ओसरलं. तरी हा रोज काचेला नाक लावून दगड न्याहाळायचा. "नुसते ठिपके आलेत. दगडावर सगळीकडे गुलाबी थर चढला की पाणी मुरलं समज."

"अरे, अकरा महिने झाले! मुलगी बघायला बसलायस का?"

"बघायला नाही, द्यायला. सासर पारखायला नको?"

पुढे तो आणि वहिनी तीन दिवस पूजेसाठी त्र्यंबकला गेले. किल्ली माझ्याकडे. मला वाटलं, हा उगाच घोळ घालतोय, परत आल्यावर चकित करू. भाच्याकरवी मुंबईहून समुद्रफूल मागवलं आणि टाकीत सोडलं. पहिल्या दिवशी काय फुललं होतं! दुसऱ्या दिवशी ते जागा सोडून काचेवर सरकू लागलं. पाणी मानवलं नाही की समुद्रफूल जागा शोधत फिरतं, हे मला कुठे ठाऊक? तिसऱ्या सकाळी ते पंपाच्या तोंडात ओढलं जाऊन फाटलं होतं. त्यातल्या विषाने पाणी ताकासारखं पांढरं, आणि दोन्ही मासे तळाशी... मी चिंध्या काढल्या, पंप धुतला. दत्ता दारात आला तसं माझ्या तोंडातून निघालं, "काल दिवसभर लाईट नव्हती रे." लोडशेडिंगचे दिवस, त्याला लगेच पटलं. त्याने काचेला नाक लावून आत पाहिलं. मग म्हणाला, "ही कधीची इन्व्हर्टर घ्या म्हणतेय. मीच मारले त्यांना."

टाकी त्याने पुन्हा भरली नाही. इन्व्हर्टर मात्र घेतला. "यांच्या चालढकलीने मासे गेले," असं वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या. तो हसायचा. मीही हसायचो. जेवताना लाईट गेली तर हातातला घास ठेवून तो रिकाम्या टाकीपाशी जाऊन यायचा. मी ते बघायचो... आणि भाजी मागून घ्यायचो.

परवा वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, एवढी वर्षं मी त्यांना बोलले हो..." इतक्यात लाईट गेली. पंखा मंदावला, इन्व्हर्टर खटकन सुरू झाला, पंखा पुन्हा फिरू लागला. आम्ही दोघांनीही टाकीकडे पाहिलं. उठायला कुणी नव्हतं.