दातानं संपवलेली मीटिंग

पुणतांब्याजवळच्या एका दूध संकलन केंद्राचे व्यवस्थापक शामकांतराव यांना स्वतःच्या दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक वळणदार अक्षराचा, दुसरा सोमवारच्या मीटिंगचा. वडील शाळामास्तर, आजोबा कचेरीत कारकून. तेव्हा बोलणं आणि लिहिणं रक्तातच आलंय, अशी त्यांची समजूत.

मीटिंग दुपारी तीनला सुरू व्हायची. "थोडक्यात सांगतो," म्हणून ते उभे राहिले, की टेम्पोंचं काम बघणारा रंगनाथ खुर्चीत पाय लांब करायचा आणि फॅट तपासणाऱ्या झुंबरबाई शांतपणे भाजी निवडायला घ्यायच्या. पाचला संध्याकाळचं दूध दारात यायचं, तेव्हा साहेबांचं प्रास्ताविक नुकतंच आटोपलेलं असायचं. माणसं सारखी घड्याळाकडे बघतात, म्हणजे आपण त्यांना वक्तशीरपणा शिकवला, असं त्यांना अकरा वर्षं वाटत होतं.

मग त्यांची दाढ किडली. एका सोमवारी सकाळी श्रीरामपूरला जाऊन त्यांनी ती काढून घेतली. डॉक्टरांनी टाका घालून तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि दिवसभर बोलायचं नाही, असं बजावलं. मीटिंग पुढे ढकलता आली असती. पण अकरा वर्षांचा नेम मोडायचा कसा? त्यांनी पाच विषय कागदावर लिहिले, कागद झुंबरबाईंच्या हातात दिला आणि गाल धरून कोपऱ्यात बसले. आपल्यावाचून काय गोंधळ उडतो, ते बघायला.

गोंधळ काही उडाला नाही. झुंबरबाई एकेक विषय वाचायच्या आणि तीनच गोष्टी विचारायच्या: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. तिसरा विषय संध्याकाळच्या रांगेचा होता. गावोगावचे कॅन घेऊन येणारे टेम्पो आणि किटल्या घेऊन येणारी माणसं एकाच दारात अडकायची. या विषयावर शामकांतराव सात महिने बोलत होते. रंगनाथ म्हणाला, की मागच्या दाराशी पडलेला जुना कूलर हलवला तर टेम्पो तिकडून घेता येतील, गुरुवारपर्यंत हलवतो. संपला विषय. पाचही विषय चौदा मिनिटांत उरकले आणि माणसं आपापल्या कामाला लागली.

शामकांतरावांनी रंगनाथला खुणेनं थांबवलं. कागदावर लिहिलं: हे आधी का नाही सांगितलं? मी तर दर वेळी विचारत होतो.

रंगनाथनं वाचलं आणि कागद परत दिला. "साहेब, तुमी इचारत हुता. पन उत्तरबी तुमीच देत हुता."

त्या बोलण्यानं दाढेपेक्षा जास्त ठणकलं. रात्री घरी जेवण झाल्यावर त्यांनी सगळी हकिगत वहीत लिहून बायकोला, इंदूताईंना दाखवली. त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "आज आपलं जेवण किती लवकर झालं, बघितलंत?" शामकांतराव रागावले, पण रागावून बोलता येईना, म्हणून मीटिंगचं जुनं रजिस्टर काढून बसले. रांगेचा विषय त्यात एकोणतीस वेळा सापडला. दर वेळी त्याच सुंदर अक्षरात एकच ओळ: सखोल चर्चा झाली. त्यांना पहिल्यांदा हसू आलं, आणि हसताना टाका दुखला.

पुढच्या सोमवारी तोंड मोकळं झालं होतं. मीटिंग झुंबरबाईंनीच घ्यायची, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मात्र हे जाहीर करायलाच त्यांना वीस मिनिटं लागली. शेवटी झुंबरबाई म्हणाल्या, "साहेब, बसा आता." ते बसले. ज्याचं काम नसेल त्यानं यायचं नाही, असंही त्याच दिवशी ठरलं आणि रंगनाथ त्याच क्षणी उठून गेला. याचं शामकांतरावांना आठवडाभर वाईट वाटलं.

आता मीटिंग साडेतीनच्या आत संपते. रिकाम्या वेळाचं काय करावं, हे साहेबांना सुरुवातीला कळेना. मग ते संध्याकाळी दूध घेतात तिथं जाऊन उभे राहू लागले. एकदा रोज दूध घालणाऱ्या कडूबाईंनी किटली खाली ठेवत त्यांना विचारलं, "न्हवं, तुमी हितं नवीन लागलाय का?"

"होय," शामकांतराव म्हणाले. आणखी बरंच सांगायचं होतं. पण मागं माणसं उभी होती, म्हणून त्यांनी किटली उचलून काट्यावर ठेवली.